एका झेलाची किंमत किती?

दर वर्षी ऑगस्ट महिना आला की अमेरिकेतल्या ऑफिसांमधे एक वाद हमखास उकरून काढला जातो. फँटसी फुटबॉलच्या लीगमधे झेलाला गुण द्यायचे का, आणि द्यायचे तर किती? एक, अर्धा की शून्य? तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींच्या कानावर हे नक्की पडलं असेल, आणि "अर्ध्या गुणावरून काय भांडतात हे लोक!" म्हणून त्यांनी सोडूनही दिलं असेल. पण या अर्ध्या गुणामागे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मजेशीर आहे.

आधी थोडी पूर्वतयारी. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातात चेंडू घेऊन पळायचा. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, वाइड रिसीव्हर आणि टाइट एंड तो झेलतात, आणि रनिंग बॅक चेंडू घेऊन गर्दीत घुसतो. (रनिंग बॅकसुद्धा अधूनमधून झेल घेतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) फँटसीत आपण मित्रमंडळी आळीपाळीने खरे खेळाडू वाटून घेतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. मग ते रविवारी मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा.

याची सुरुवात झाली १९६२ साली. ओकलंड रेडर्स हा संघ त्या वर्षी १४ पैकी १३ सामने हरला. अशा संघाबरोबर पूर्वेकडच्या दौऱ्यावर असताना त्याचे एक भागीदार बिल विंकनबाक आणि दोनतीन सोबती न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसले आणि त्यांनी या खेळाचे नियम लिहिले. १९६३ च्या ऑगस्टमधे आठ मालकांचा पहिला ड्राफ्ट झाला. नाव काय, तर 'ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग'! त्यांचा हिशोब टचडाउन आणि फील्ड गोलवर चालायचा. म्हणजे धावफलकावर जे चढेल तेवढंच. सोमवारचा पेपर उघडायचा, कोणी टचडाउन केलं ते बघायचं, वहीत मांडायचं. हाताने मोजायला हे सोपं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर जो डेटा सहज मिळत होता त्यावरच फॉर्म्युला बांधला होता.

पुढे यार्डांनाही गुण मिळू लागले. 'स्टँडर्ड' म्हणून जो हिशोब रूढ झाला तो असा : धावून किंवा झेलून काढलेल्या दर १० यार्डांना एक गुण आणि टचडाउनला सहा. ऐकायला ठीक वाटतं. पण १२ सप्टेंबर २००४ चा सामना बघा. पिट्सबर्गचा जेरोम बेटिस पाच वेळा चेंडू घेऊन धावला, एकूण अंतर काढलं एक यार्ड, आणि टचडाउन केली तीन! म्हणजे १८.१ गुण. चेंडू मैदानभर वाहून आणला इतरांनी, शेवटच्या वीतभर अंतराचं श्रेय याला. त्याच हिशोबाने दिवसभर राबून ८ झेल आणि ८० यार्ड काढणाऱ्या रिसीव्हरला मिळतात फक्त ८.

दुसरी अडचण टंचाईची. एनएफएलमधे ३२ संघ, आणि तेव्हा बहुतेकांकडे भरवशाचा रनिंग बॅक एकच. १२ जणांच्या लीगमधे प्रत्येकाला दोन रनिंग बॅक लागतात, म्हणजे मागणी झाली २४ ची. साहजिकच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत जो तो रनिंग बॅकच उचलायचा. निवडीत अक्कल चालवायला जागाच उरली नाही. यावर उतारा म्हणून आला 'पॉइंट पर रिसेप्शन', म्हणजेच पीपीआर : प्रत्येक झेलाला एक गुण. आता वरच्या रिसीव्हरचे ८ चे १६ झाले, आणि रिसीव्हर पहिल्या फेरीत दिसू लागले.

पण औषधाचे दुष्परिणाम असतातच. मागे एक यार्ड गमावलेला झेल पीपीआरमधे ०.९ गुण देतो. नऊ यार्डांची जबरदस्त धावही ०.९ च देते! संघाचं नुकसान करणारा आणि फायदा करणारा एकाच पंक्तीला. शिवाय, मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते : रनिंग बॅकही झेल घेतात. २००३ मधे लाडेनियन टॉमलिन्सनने १,६४५ यार्ड धावून वर १०० झेल घेतले. ज्यांचं वजन कमी करायला नियम आणला, त्यांच्यातल्याच एकाला वर्षाचे १०० गुण बोनस!

२०२० चा हंगाम तर पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. टेनेसीचा डेरिक हेन्री २,०२७ यार्ड धावला, १७ टचडाउन केली, झेल मात्र १९ (११४ यार्ड). न्यू ऑर्लिन्सचा अल्विन कमारा धावला ९३२ यार्ड, झेल ८३ आणि त्यातून ७५६ यार्ड, टचडाउन एकूण २१. फंबलची वजाबाकी सोडून हिशोब केला तर स्टँडर्डमधे हेन्री ३१६, कमारा २९५. अर्ध्या गुणाने हेन्री ३२६, कमारा ३३६. पूर्ण पीपीआरमधे हेन्री ३३५, कमारा ३७८. मैदानावर जे घडलं ते एकच, पण कोण सरस याचं उत्तर एका आकड्याने फिरलं. एखाद्याची लीग यावरच जिंकली वा हरली जाते, आणि अनेक ठिकाणी त्यात खिशातले पैसेही असतात.

मग तडजोडी निघाल्या. कुणी अर्धा गुण देतं. कुठे टाइट एंडला दीड, कारण चांगले टाइट एंड दुर्मिळ. कुठे झेलाऐवजी 'फर्स्ट डाउन' मिळवल्याबद्दल गुण. मोठ्या कंपन्यांचंही एकमत नाही. २००९ मधे सुरू झालेली फॅनड्यूल अर्धा गुण देते, २०१२ मधली ड्राफ्टकिंग्ज पूर्ण.

मला वाटतं हा वाद मिटत नाही कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. "झेल घेणं हे एवढं मोठं कर्तृत्व आहे का?" हा एक प्रश्न. त्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे, कर्तृत्वच मोजायचं तर फर्स्ट डाउनचा गुण जास्त न्याय्य. पण पीपीआर ही शाबासकी नव्हेच, ते तराजूत टाकलेलं वजन आहे. रनिंग बॅकचं पारडं जमिनीला टेकलं होतं म्हणून दुसऱ्या पारड्यात टाकलेलं. वजनाला कोणी "तुझी लायकी काय" असं विचारत नाही, पारडी सारखी झाली की नाही एवढंच बघायचं असतं. आता बरेच संघ दोनतीन रनिंग बॅकांत काम वाटून देतात, रिसीव्हर तसेही पहिल्या फेरीत जातात. जुनं वजन जसंच्या तसं ठेवायचं काही कारण नाही. म्हणून माझं मत अर्ध्या गुणाला.

तुमच्या लीगमधे काहीही ठरवा, फक्त दोन गोष्टी करा. हा आकडा कशासाठी ठेवलाय ते एका ओळीत लिहून ठेवा, कोडमधे कॉमेंट लिहितो तसं. आणि ठरवायचं ते ड्राफ्टच्या आधी. ड्राफ्ट झाल्यावर नियम बदलणं म्हणजे वाढून झाल्यावर ताटं बदलणं. मैत्री त्यावरूनच तुटते, अर्ध्या गुणावरून नाही.