ग्लुकोज संवेदकावरील अनपेक्षित कमी नोंद

ग्लुकोज संवेदकावरील अनपेक्षित कमी नोंद म्हणजे त्वचेवर बसवलेल्या ग्लुकोज संवेदकाने (सेन्सरने) रुग्णाचा आहार, औषधे व प्रकृती यांच्याशी न जुळणारी कमी साखर दाखवणे होय. मधुमेह प्रकार २ मध्ये साखर वाढणे हीच मुख्य समस्या असल्याने अशी नोंद रुग्णाला व कुटुंबीयांना गोंधळात टाकते. ती खरी असू शकते किंवा उपकरणाच्या मर्यादेमुळे उद्भवलेली आभासी नोंदही असू शकते. खऱ्या नोंदीकडे दुर्लक्ष झाल्यास रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. आभासी नोंद खरी मानल्यास तो विनाकारण साखर खातो किंवा आवश्यक इन्शुलिन टाळतो. म्हणून अशा नोंदीची शहानिशा करणे हा मधुमेहाच्या व्यवस्थापनाचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

कार्यपद्धती

संवेदक सामान्यतः दंडाच्या मागील बाजूस किंवा पोटावर चिकटवतात. त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो. तंतूवरील ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराची ग्लुकोजशी अभिक्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून साखरेचा आकडा काढला जातो. बहुतेक संवेदक १० ते १५ दिवस चालतात.

संवेदक रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. रक्तातील बदल या द्रवात उतरण्यास साधारणपणे ५ ते १० मिनिटे लागतात. साखर स्थिर असताना दोन्ही आकडे जवळपास सारखे असतात. ती वेगाने चढत किंवा उतरत असताना त्यांत अंतर पडते. आधुनिक संवेदकांची प्रयोगशाळेतील मापनापासूनची सरासरी तफावत सुमारे ८ ते १० टक्के असते.

कमी साखरेच्या पातळ्या

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी झाल्यास पहिली आणि ५४ पेक्षा कमी झाल्यास दुसरी पातळी मानतात. आकडा कितीही असो, दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येत नसेल, तर ती तिसरी म्हणजे गंभीर पातळी होय. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतांश प्रौढ मधुमेहींमध्ये ७० खालील काळ दिवसाच्या ४ टक्क्यांपेक्षा कमी असावा. वृद्ध व अधिक धोका असलेल्या रुग्णांमध्ये ही मर्यादा १ टक्का आहे. मधुमेह नसलेल्या निरोगी व्यक्तींच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही संवेदकाने दिवसातील सुमारे १५ मिनिटे ७० खालील आकडे दाखवले होते. त्यामुळे एखादी क्षणिक, किंचित कमी नोंद हा आजारच असतो असे नाही.

आभासी कमी नोंदीची कारणे

* दाब: संवेदक लावलेल्या कुशीवर झोपल्यास तेथील रक्तप्रवाह घटतो आणि आकडा अचानक खाली येतो. कूस बदलल्यावर तो बहुधा थोड्याच वेळात पूर्ववत होतो. रात्रीच्या आलेखावर अशी नोंद खोल, अरुंद खड्ड्यासारखी दिसते.
* पहिला दिवस: तंतू आत शिरताना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे पहिल्या २४ तासांतील नोंदी कमी विश्वसनीय असतात.
* विलंब: कमी झालेली साखर उपचारानंतर रक्तात वर आली, तरी संवेदक काही मिनिटे जुनाच आकडा दाखवतो. या काळात रुग्ण गरजेपेक्षा अधिक साखर खाण्याची शक्यता असते.
* औषधे: काही संवेदकांवर अ‍ॅस्पिरिनमधील सॅलिसिलिक आम्लामुळे आकडा किंचित कमी येतो. उलट, क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही संवेदक आकडा वाढवून दाखवतात, त्यामुळे खरी कमी साखर झाकली जाऊ शकते.
* निर्जलीकरण व उष्णता: शरीरातील पाणी फार कमी झाल्यास मापन बिघडते. वेष्टनावरील मर्यादेपेक्षा अधिक तापमानात साठवलेल्या संवेदकाचा भरवसा राहत नाही.

खऱ्या कमी साखरेची कारणे

मधुमेह प्रकार २ मध्ये खरी कमी साखर मुख्यतः औषधांमुळे उद्भवते. इन्शुलिन तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही सल्फोनिलयुरिया गटातील औषधे त्यास प्रामुख्याने कारणीभूत असतात. ही औषधे जेवण झाले असो वा नसो, साखर कमी करीत राहतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हा धोका अत्यल्प असतो. चुकलेले जेवण, नेहमीपेक्षा अधिक श्रम, मद्यपान आणि मूत्रपिंडाचा विकार यांमुळे धोका वाढतो. मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास औषध शरीरात अधिक काळ टिकते. त्यामुळे अनेक वर्षे मानवलेली मात्राही पुढे जास्त ठरू शकते.

जालना जिल्ह्यातील संदर्भ

१ मे १९८१ रोजी स्थापन झालेला जालना जिल्हा मराठवाड्यात असून तेथील बराच मोठा समाज शेतीवर अवलंबून आहे. येथील उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो, तर अनेक संवेदकांच्या साठवणुकीची कमाल मर्यादा २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. त्यामुळे पत्र्याच्या घरात किंवा उन्हात उभ्या वाहनात ठेवलेला संवेदक खराब होऊ शकतो. शेतातील श्रमाने साखर खरोखरच उतरते, तर घामाने झालेल्या निर्जलीकरणामुळे मापन बिघडू शकते. म्हणजे एकाच दुपारी दोन्ही शक्यता संभवतात.

उपवास हे दुसरे कारण होय. भोकरदन तालुक्यातील राजूर येथील गणपतीच्या दर्शनास अंगारकी चतुर्थीला मोठी गर्दी होते व अनेक भाविक पायी जातात. चंद्रोदयापर्यंतचा उपवास, चालण्याचे श्रम आणि सकाळी घेतलेली सल्फोनिलयुरियाची गोळी एकत्र आल्यास सायंकाळची कमी नोंद खरी असण्याची शक्यता अधिक असते. नवरात्र, एकादशी व रमजानचे रोजे यांनाही हेच लागू पडते. उपवासापूर्वी औषधाची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी लागते.

भौगोलिक मानांकन लाभलेल्या जालन्याच्या मोसंबीचा या विषयाशी वेगळ्याच प्रकारे संबंध येतो. फळ सोलल्यानंतर हात न धुता बोटातील रक्त तपासल्यास त्वचेवरील फळाच्या साखरेमुळे आकडा खोटा वाढतो. मग संवेदकाची खरी कमी नोंद चुकीची ठरवली जाण्याचा धोका असतो. फळ हाताळल्यानंतर साबणाने हात धुऊन, कोरडे करूनच तपासणी करणे आवश्यक असते.

शहानिशा व प्रथमोपचार

घाम, थरथर, धडधड, तीव्र भूक, बोलण्यात विसंगती ही कमी साखरेची लक्षणे होत. ती असल्यास आणि तपासणी तत्काळ शक्य नसल्यास नोंद खरी मानून उपचार करतात. लक्षणे नसल्यास संवेदकावरील दाब काढून, हात धुऊन ग्लुकोमीटरने बोटातील रक्त तपासतात. तथापि, लक्षणे नाहीत एवढ्यावरून नोंद खोटी ठरत नाही. दीर्घकालीन मधुमेह, वार्धक्य आणि रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर औषधे यांमुळे लक्षणे बोथट होतात.

कमी साखर निश्चित झाल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज अथवा साखर (साधारण तीन छोटे चमचे) पाण्यातून देतात आणि १५ मिनिटांनी बोटातील रक्त पुन्हा तपासतात. साखर ७० खालीच असल्यास तीच मात्रा पुन्हा दिली जाते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्या रुग्णांमध्ये साध्या साखरेचे पचन मंदावते. त्यांना ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. सल्फोनिलयुरियामुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यामुळे रुग्ण सावरल्यावरही वैद्यकीय देखरेख लागते.

सरासरीतील विसंगती

कधी संवेदकाची अनेक दिवसांची सरासरी कमी आणि तीन महिन्यांची सरासरी दर्शवणारी एचबीए१सी तपासणी जास्त येते. अशा वेळी संवेदकच चुकीचा असे गृहीत धरता येत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात एचबीए१सी खोटी वाढलेली असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. केवळ एचबीए१सी पाहून औषध वाढवल्यास अशा स्त्रियांमध्ये साखर खरोखरच धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

इतिहास

लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये विकरावर आधारित ग्लुकोज मापनाची कल्पना मांडली. सलग मापन करणाऱ्या पहिल्या उपकरणास अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. मार्च २०२४ मध्ये तेथे इन्शुलिन न घेणाऱ्या प्रौढांसाठी चिठ्ठीविना मिळणाऱ्या पहिल्या संवेदकास परवानगी देण्यात आली. परिणामी, वैद्यकीय देखरेखीशिवाय आकडे पाहणाऱ्यांची संख्या वाढू लागली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अ‍ॅबट कंपनीने फ्रीस्टाइल लिब्रे ३ व लिब्रे ३ प्लस या प्रकारांतील काही संवेदक दीर्घकाळ चुकीच्या कमी नोंदी देऊ शकतात, असे जाहीर केले. अमेरिकेतील सुमारे ३० लाख संवेदकांचा त्यात समावेश होता. कंपनीने जगभरातील ७ मृत्यू व ७३६ गंभीर घटना या दोषाशी संबंधित असू शकतात, असे कळवले. संवेदकाचा आकडा आणि रुग्णाची अवस्था यांत मेळ नसेल, तर बोटातील रक्त तपासूनच उपचार ठरवावेत, अशी सूचना त्या वेळी देण्यात आली.