वाघजाईचा प्रसाद आणि चार देव

बसमध्ये असाल, कट्ट्यावर असाल, नाहीतर घरी भांडी घासत ऐकत असाल, आजचा भाग जरा निवांत ऐका. कारण आज मी माझी एक चूक कबूल करणार आहे. आणि त्या चुकीमागे आठशे वर्षांचा इतिहास आहे.

माझं आजोळ महाड तालुक्यातलं, वरंधच्या बाजूला. भोरकडून वरंध घाटाने येताना वाघजाईचं देऊळ लागतं. समोर खोल दरी, कडेला भजी-वड्याच्या टपऱ्या, आणि हातातला वडा पळवायला टपलेली माकडं. गेल्या ऑक्टोबरात मित्रमंडळी घेऊन गावी जाताना आम्ही तिथे थांबलो. मी देवीपुढे नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. एक मैत्रीण म्हणाली, "मला नको." ती महानुभाव घरातली. मी हसत म्हणालो, "अगं घे गं, शेवटी सगळे देव एकच की!"

ती म्हणाली, "तुझ्यासाठी असतील. माझ्या आजीसाठी नाहीत." आणि टपरीकडे निघून गेली.

मला वाटलं होतं, मी मोठ्या मनाचं बोललो. मग तिला लागलं का?

त्याच दिवशी घाट उतरून आम्ही शिवथरघळीला गेलो. डोंगराच्या पोटातली ही गुहा, शेजारी धबधबा, आत समर्थ रामदास आणि कल्याणस्वामी यांच्या मूर्ती. समर्थ सांगताहेत, कल्याण लिहून घेताहेत. परंपरा सांगते की दासबोध इथे लिहिला गेला. मधल्या काळात ही जागा विस्मरणात गेली होती. धुळ्याचे समर्थभक्त शंकरराव देव यांनी १९३० साली ती पुन्हा शोधून काढली.

आता गंमत बघा. रामदास रामाचे भक्त. पण गणपतीत आपण सगळे जी आरती घसा फोडून म्हणतो, ती त्यांच्याच नावावर आहे. शंकराची प्रसिद्ध आरतीही त्यांचीच. तुळजाभवानीवरही त्यांनी लिहिलं. म्हणजे मग त्यांचा सर्वांत मोठा देव कोणता?

याचं उत्तर दासबोधाच्या अकराव्या दशकात आहे. तिथे रामदास चार देव सांगतात. पहिला, आपण पुजतो त्या मूर्ती. दुसरा, अवतार. तिसरा, सगळ्यांच्या आत राहून जाणणारा अंतरात्मा. आणि चौथा, ज्यात काहीच बदल होत नाही, ज्याला रूप नाही, असा निर्विकार परमात्मा. पहिल्या पायरीला ते लाथ मारत नाहीत, पण तिथेच बसून राहू नका, असं बजावतात. या हिशोबात वाघजाई पण बसते आणि राम पण बसतो. मात्र सर्वांत वर जे आहे, त्याला ना वाघ ना धनुष्य.

हा विचार अद्वैताचा. आदि शंकराचार्यांच्या परंपरेत परब्रह्म निर्गुण, आणि देवांची रूपं ही माणसाच्या उपासनेसाठी. म्हणून तर शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती असे पाच देव एकाच ताम्हनात मांडून पूजा करता येते. पंचायतन म्हणतात ते हेच. घरोघरी आपण हेच बघत वाढलो, त्यामुळे "सगळे देव एकच" हे आपल्याला हवेइतकं साधं वाटतं.

पण मंडळी, ते साधं नाहीये. तो एक पक्ष आहे. इतर पक्षही आहेत.

तेराव्या शतकात कर्नाटकात मध्वाचार्य झाले. त्यांनी सांगितलं की विष्णूच सर्वश्रेष्ठ, बाकीचे देव त्याच्या खालोखाल, आणि जीव कधीही देव होत नाही. मोक्षातसुद्धा भेद राहतो. त्यांना मानणारी वैष्णव घराणी महाराष्ट्रातही आहेत. शैव परंपरांमध्ये तेच स्थान शिवाचं, शाक्तांमध्ये देवीचं, आणि मोरगाव-चिंचवडच्या गाणपत्य परंपरेत गणपती हाच परब्रह्म.

वारकऱ्यांची वाट आणखी वेगळी. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा नाथांची, म्हणजे आदिनाथ शिवापासून आलेली, आणि भक्ती मात्र विठ्ठलाची. नरहरी सोनारांची कथा आठवते ना? कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही म्हणून डोळे बांधून त्याच्या करदोट्याचं माप घ्यायला गेले. हाताला लागला तो शंकर! पट्टी सोडली तर समोर विठ्ठल. कथा म्हणून ऐका, पण त्या काळात शैव-वैष्णव भांडण किती खरं होतं, हेही तिच्यातून कळतं. भांडणच नसतं तर ही कथा लागलीच नसती.

आणि आता माझ्या मैत्रिणीच्या आजीकडे येऊ. तेराव्या शतकातच चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ उभा केला. म्हाइंभटांनी रचलेलं त्यांचं लीळाचरित्र म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. त्यांचं तत्त्वज्ञान सांगतं की जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे आहेत आणि अनादी आहेत. देवता आहेत, त्या फळही देतात, पण मोक्ष देऊ शकत नाहीत. तो फक्त परमेश्वर देतो. श्रीकृष्ण त्यांच्यासाठी विष्णूचा अवतार नाही, थेट परमेश्वराचा अवतार आहे. विष्णूसुद्धा देवतांमध्येच! म्हणून पंथात राहणारे कडक लोक इतर देवतांची पूजा करत नाहीत, त्यांचा प्रसाद घेत नाहीत. ज्यांनी जातपात बाजूला ठेवून बायकांनाही ज्ञान दिलं, मराठीत ग्रंथ लिहिले, त्यांचाच हा नियम आहे. त्याला कोतेपणा म्हणून चालणार नाही.

आता चार देव आणि चार पदार्थ शेजारी ठेवून बघा. रामदासांच्या चारांत खालून वर चढता येतं. चक्रधरांच्या चारांत तसा जिनाच नाही. देवतेपासून परमेश्वरापर्यंत पायरी जात नाही. म्हणजे "सगळे एकच" म्हणताना मी तिला जवळ घेत नव्हतो. "तुझ्या आजीचं चुकलं, माझं बरोबर," एवढंच गोड आवाजात सांगत होतो.

याचा अर्थ कुणी बरोबर-चूक ठरवूच नये, असं नाही. आपल्या लोकांनी शतकानुशतकं यावर वाद घातलेत, ग्रंथच्या ग्रंथ लिहिलेत. पण आधी समोरच्याचं नीट ऐकून. तेव्हा पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर "खरा देव कोण" हे भांडण पेटलं, तर उत्तर फॉरवर्ड करायच्या आधी एवढंच विचारा: तुझ्या परंपरेत "श्रेष्ठ" म्हणजे काय? जग निर्माण करणारा? मोक्ष देणारा? की रूपापलीकडचा? निम्मं भांडण तिथेच समजेल. मिटेलच असं नाही हां, समजेल.

परतीच्या वाटेवर वाघजाईला पुन्हा थांबलो. मी मैत्रिणीला म्हणालो, "सॉरी. मला कळलं नव्हतं." ती म्हणाली, "ठीक आहे. वडा सांग." मी देवळात जाऊन आलो, ती बाहेर थांबली. मग एकाच प्लेटमधून वडे खाल्ले, माकडांना चुकवत.

तुमच्या घरी कोणता देव सर्वांत मोठा, आणि का? आजीला विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. भेटू पुढच्या भागात!