चार्ल्स हेन्री टर्नर

चार्ल्स हेन्री टर्नर (३ फेब्रुवारी, इ.स. १८६७:सिनसिनाटी, ओहायो, अमेरिका - १४ फेब्रुवारी, इ.स. १९२३:शिकागो, इलिनॉय, अमेरिका) हे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ, प्राणिवर्तनाचे अभ्यासक व शिक्षक होते. कीटक अनुभवातून शिकतात व शिकलेले लक्षात ठेवतात, हे नियंत्रित प्रयोगांनी दाखवणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. सत्तरहून अधिक शोधनिबंध लिहूनही त्यांना संशोधनाची सोय असलेल्या मोठ्या विद्यापीठात पद मिळाले नाही. त्यांचे महत्त्वाचे कीटकसंशोधन शाळेतील नोकरी सांभाळून झाले.

शिक्षण व नोकरी

टर्नर यांचे वडील चर्चमध्ये देखभालीचे काम करीत, तर आई परिचारिका होती. सिनसिनाटी विद्यापीठातून त्यांनी इ.स. १८९१ मध्ये जीवशास्त्राची पदवी व पुढील वर्षी पदव्युत्तर पदवी घेतली. पक्ष्यांच्या मेंदूची रचना व कोळ्यांचे वर्तन हे त्यांच्या सुरुवातीच्या निबंधांचे विषय होते. (कोळी हा कीटक नव्हे, परंतु जाळे विणताना तो परिस्थितीनुसार फेरफार करतो, हे निरीक्षण पुढील कीटकसंशोधनाची दिशा सांगणारे ठरले.)

इ.स. १८९३ पासून ते अटलांटा येथील क्लार्क महाविद्यालयात शिकवीत होते. इ.स. १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना मुंग्यांच्या घरी परतण्यावरील प्रबंधासाठी पीएच.डी. दिली. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे कृष्णवर्णीय संशोधकाला अध्यापकपद देण्यास तयार नव्हती. इ.स. १९०८ मध्ये टर्नर सेंट लुईसच्या सम्नर हायस्कूलमध्ये विज्ञानशिक्षक झाले. वर्णभेदामुळे शहरातील शाळा विभागलेल्या होत्या व ही शाळा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी होती. तेथे त्यांच्याकडे संशोधनासाठी सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती, हाताखाली साहाय्यकही नव्हते. प्रकृती ढासळल्याने इ.स. १९२२ मध्ये ते निवृत्त झाले.

संशोधन

साधनांची उणीव त्यांनी प्रयोगाच्या रचनेने भरून काढली. मुंग्यांसाठी त्यांनी पुठ्ठ्याचा मंच करून त्यावरून उतरण्यास दोन उतरणी जोडल्या आणि दिव्याची जागा बदलून पाहिली. मुंग्या केवळ गंधाच्या मागावर चालत नसून प्रकाशाची दिशा व आधीचा अनुभव यांचाही उपयोग करतात, असे त्यातून दिसले. वारुळाजवळ पोहोचताना काही मुंग्या जो वर्तुळाकार फेरा घेतात, त्याला फ्रेंच निसर्गअभ्यासक व्हिक्टर कॉर्नेझ यांनी ‘टर्नरचा फेरा’ असे नाव दिले.

इ.स. १९१० मध्ये सेंट लुईसच्या ओफॅलन उद्यानात त्यांनी मधमाश्यांच्या रंगज्ञानाचे प्रयोग केले. मध लावलेल्या रंगीत चकत्यांवर माश्यांना सवय लावून नंतर निरनिराळ्या रंगांच्या बिनमधाच्या चकत्या मांडल्या असता माश्या ओळखीच्या रंगाकडेच जात. मात्र येथे एक मर्यादा होती. माश्या रंग ओळखतात की त्याची कमी-अधिक उजळता, हा प्रश्न त्यातून पूर्णपणे सुटत नव्हता. कार्ल फॉन फ्रिश यांनी इ.स. १९१४ मध्ये करड्या रंगाच्या अनेक छटा वापरून तो निकालात काढला. टर्नर यांनी इ.स. १९११ मध्ये मधमाश्यांना आकृत्यांमधील फरकही कळतो, असे दाखवले.

झुरळांवरील प्रयोग विशेष लक्षवेधी आहेत. झुरळ स्वभावतः अंधार शोधते. परंतु अंधाऱ्या भागात शिरताच विजेचा सौम्य धक्का बसू लागल्यावर ते अंधार टाळू लागले. जन्मजात वाटणारी प्रतिक्रिया शिक्षणाने बदलते, याचा हा पुरावा होता. मोठ्या रेशीम पतंगांना ध्वनी ऐकू येतो, हेही त्यांनी इ.स. १९१४ मध्ये मांडले.

सन्मान

टर्नर यांच्या मृत्यूनंतर सेंट लुईसमधील एका शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. अमेरिकेतील अॅनिमल बिहेव्हियर सोसायटी ही संस्था त्यांच्या नावाने पदवीपूर्व विद्यार्थ्यांना अधिवेशनास येण्यासाठी साहाय्य देते.