वंशवाद

वंशवाद : मनुष्याची बुद्धी, शील, शौर्य आणि कर्तृत्व ही त्याच्या रक्तावरून वा कातडीच्या रंगावरून ठरतात आणि म्हणून काही वंश स्वभावतःच श्रेष्ठ व काही हीन होत, अशी धारणा, तसेच या धारणेवर उभारलेली हक्क, हुद्दे, वसती व विवाह यांवरील निर्बंधांची व्यवस्था. नित्य व्यवहारात ही धारणा साचेबंद प्रतिमांच्या द्वारे वावरते. अमुक लोक चोर, तमुक भित्रे, फलाणे आळशी, असा शिक्का समूहाच्या माथी मारला जातो आणि मग त्या समूहातील प्रत्येकाची पारख त्या शिक्क्यावरूनच होते. मनुष्य ओळखण्यापूर्वीच त्याचा निवाडा करणे हा या वृत्तीचा मूळ दोष होय. हा निवाडा सरकारी दप्तरात शिरून नियमाचे रूप घेतो, तेव्हा त्याची शिक्षा पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागते.

सिद्धान्त : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये गोबिनो याने वंशांच्या विषमतेवर ग्रंथ लिहून या मताला शास्त्राचा आव आणून दिला. हिंदुस्थानात 1901च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले याने नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावू पाहिली, परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या ग्रंथात अशाच मोजमापांच्या आधारे दाखवून दिले, की ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे असल्याचे त्यांवरून सिद्ध होत नाही.

कोठीचा दाखला : हैदराबादेतील कोठी हा भाग ज्या वास्तूमुळे ओळखला जातो, त्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या इतिहासात वंशवादाचा आरंभकाळ स्पष्ट दिसतो. 1798 ते 1805 या काळात निजामाच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट असलेल्या जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने ही वास्तू उभारविली. दरबाराने हश्मत जंग हा किताब दिलेल्या या इंग्रजाने हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी निकाह लावला. कंपनीच्या वरिष्ठांना तो खपला नाही व त्याची चौकशीही झाली. बेगम पडद्यात राहत असल्यामुळे तिला रेसिडेन्सीचे दर्शनी रूप पाहता यावे म्हणून जनान्याच्या बागेत त्या वास्तूची लहान प्रतिकृती बांधली, असे सांगतात. जनान्याचा रंगमहाल पुढे पाडण्यात आला, प्रतिकृती मात्र उरली.

या दांपत्याला साहिब आलम व साहिब बेगम ही दोन अपत्ये झाली. तत्पूर्वीच, 1791 साली, ज्याची आई वा बाप हिंदुस्थानी आहे, त्यास मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरीत घेऊ नये, असा ठराव कंपनीच्या संचालकांनी केला होता. 1795 साली ज्यांचे आई व बाप दोघेही युरोपीय आहेत त्यांच्याखेरीज इतरांना फौजेत बाजेवाले, नालबंद अशी हलकी कामे तेवढी मोकळी ठेवण्यात आली. 1805 साली चार व तीन वर्षांच्या या भावंडांना इंग्लंडला धाडण्यात आले; जाण्यापूर्वी मद्रासेत चित्रकार जॉर्ज चिनरी याने हैदराबादी पोशाखात त्यांचे चित्र रेखाटले. त्याच ऑक्टोबरात कर्कपॅट्रिक कलकत्त्यास वारला. इंग्लंडात मुलांचा बाप्तिस्मा होऊन साहिब आलमचा विल्यम व साहिब बेगमची कॅथरिन झाली. खैरुन्निसेस ती पुन्हा दिसली नाहीत, 1813 साली तिचा अंत झाला. कॅथरिनचा आपल्या हैदराबादी आजीशी पत्रव्यवहार जुळला, तो तिच्या प्रौढपणी. ज्यांना परदेशी जाण्याचे साधन नव्हते, त्यांनी देशी दरबारांचा आश्रय घेतला : राजपूत आईचा पुत्र जेम्स स्किनर शिंद्यांच्या कवायती फौजेत शिरला, हे त्याचे ठळक उदाहरण.

महाराष्ट्रातील परिणाम : 1857च्या उठावानंतर काही जमातीच जन्मतः लढवय्या, हे मत लष्करात बळावले आणि 1892च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. 1818 साली कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या बाजूने महार शिपाई लढले होते, तरी नव्या सिद्धान्तापुढे तो पुरावा व्यर्थ ठरला. लष्कराच्या शाळांमुळे या घराण्यांत विद्या आली होती. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी अशाच शाळेत शिक्षक होते. तो मार्ग बंद होताच याच समाजातील गोपाळबाबा वलंगकर व पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा खुली व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज केले. महार रेजिमेंट उभी राहण्यास 1941 साल उजाडावे लागले.

याहून कठोर गत 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने केली. पारधी, कैकाडी आदींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसविण्यात आले. हजेरी दिल्यावाचून व परवान्यावाचून त्यांना हालचाल करता येत नसे. हा कायदा 1952 साली रद्द झाला, परंतु गावात चोरी होताच पहिला संशय पारध्यांच्या पालावर जाण्याची रीत आजही पुरती मोडलेली नाही.

हानीचे स्वरूप : साचेबंद प्रतिमा आपला पुरावा आपणच निर्माण करते. ज्यांना शाळा, नोकरी व जमीन नाकारली, त्यांच्या दैन्यालाच त्यांच्या नालायकीची साक्ष मानले जाते. उपजीविका नासते, त्याबरोबर पीडिताचा आत्मविश्वास खचतो आणि न्याय करणाऱ्याची विवेकबुद्धीही बधिर होते. कारण ज्याने निवाडा आधीच केला, तो पुरावा तपासण्याचे कष्ट घेत नाही.

शास्त्र व कायदा : मनुष्यजात मुळात एकच आहे, हे युनेस्कोने 1950 साली जाहीर केले. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लिवॉन्टिन याने 1972 साली दाखविले, की मानवी जनुकीय वैविध्यापैकी सुमारे 85 टक्के वैविध्य एकेका समूहाच्या आतच आढळते. भारतीय संविधानाच्या 15व्या व 16व्या अनुच्छेदांनी वंशावरून राज्याने भेदभाव करण्यास मनाई केली; संयुक्त राष्ट्रांनी 1965 साली स्वीकारलेल्या वंशभेदविरोधी करारास भारताने 1968 साली मान्यता दिली. तरीही ईशान्य भारतातील वा आफ्रिकेतील विद्यार्थ्याला चेहऱ्यावरून टोपणनाव देणे, घर भाड्याने नाकारणे, असे प्रकार आपल्या शहरांतून घडतात. कायदा दंड करू शकतो. परंतु घरमालकाने, शिक्षकाने व पोलिसाने समोरच्या माणसाची वर्तणूक पाहिल्यावाचून त्याच्याविषयी मत बनवू नये, ही शिस्त समाजाने स्वतःच अंगी बाणविली पाहिजे.