मुरळीचं पत्र छापलं गेलं तेव्हा

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांतल्या शिबिरांतही पहिला सल्ला मुलीलाच मिळतो. अंधारात जाऊ नकोस, अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस. आम्हीही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. पण आपल्याच चळवळीच्या इतिहासापुढे हा सल्ला टिकत नाही.

जेजुरीच्या खंडोबाला मुली सोडल्या जात. मूल होत नाही, दुखणं हटत नाही, म्हणून नवस. आणि नवस फेडायला पोटची मुलगी. भंडारा उधळून तिचं देवाशी लग्न लागलं की माणसाशी लग्नाचा दरवाजा बंद. मग वजनदार पुरुषांना तिच्यावर हक्क वाटू लागे. अशा मुलींत अस्पृश्य जातींतल्या पुष्कळ असत. यात अनोळखी कोण होतं? नवस बोलणारे घरचे, विधी करणारे ओळखीचे, पुढे हक्क सांगणारे आसपासचेच. धोका अंधारात लपलेला नव्हताच. तो भर दिवसा वाजतगाजत येत होता, आणि त्याला धर्म म्हणत.

पुण्यात बटलरची नोकरी करणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केलं आणि मुरळीच्या प्रथेवर हल्ला चढवला. त्यांनी मुलींना शील शिकवत बसण्याऐवजी मुली सोडणाऱ्या आपल्याच समाजाला जाब विचारला. घरातली लाज चव्हाट्यावर आणतो, हा आरोप अशा माणसावर आजही होतो. शिवुबाई नावाच्या मुरळीने आपली व्यथा पत्रातून कळवली. कांबळ्यांनी ते पत्र छापलं. पुढे त्यांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केलं.

सुटकेची वाट लग्नातूनच जावी, हे आज आम्हाला खटकतं. पण जिला समाज बाटलेली म्हणत होता तिचं म्हणणं खरं धरलं गेलं, ही त्यातली मोठी गोष्ट. मुंबई इलाख्यात देवदासी वाहण्याला बंदी करणारा कायदा आला तो 1934 मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर.

आता 2007 चा केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास पाहा. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो झाला. 53.22 टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एक तरी प्रकार सोसल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. का सांगतील? सांगितल्यावर कोण ऐकणार होतं?

2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अशी घटना माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. तरी 'मुलीचं नाव खराब होईल' म्हणून बैठकीत मिटवून टाकणारे आपल्यातही आहेत, आणि त्यात निळा झेंडा खांद्यावर घेतलेलेही आहेत.

म्हणून यंदा शिबिरात आम्ही मुलांच्या आधी पालकांना आणि कार्यकर्त्यांना बसवणार आहोत. पहिला प्रश्न ठरला आहे: उद्या तुमच्या मुलीने तुमच्या सख्ख्या भावाचं किंवा आपल्याच एखाद्या कार्यकर्त्याचं नाव घेतलं, तर तुम्ही आधी कुणाला गप्प कराल?