गायकवाडी नवसारी प्रांत : सुरतेच्या शेजारचे एक छोटे राज्य

सुरत आणि मराठी माणूस म्हटले की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. पहिली, शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० मधील स्वाऱ्या; दुसरी, खानदेशातून कापडाच्या कामासाठी उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांत येऊन स्थिरावलेली आपली कुटुंबे. या दोन्हींच्या मध्ये सव्वादोनशे वर्षांचा एक मोठा काळ आहे. त्या काळात सुरत शहराच्या तिन्ही बाजूंना मराठी राजघराण्याचे राज्य होते. कामरेज, पलसाणा, महुवा, मांगरोळ, व्यारा, सोनगढ, नवसारी, गणदेवी ही आपल्या रोजच्या बोलण्यातली गावे १ मे १९४९ पर्यंत बडोदे संस्थानात होती. जुनी गुजराती माणसे या भागाला अजूनही ‘गायकवाडी’ म्हणतात. या राज्याने काय केले, काय करू शकले नाही, आणि त्याचा आज येथे राहणाऱ्या आपल्याशी काय संबंध आहे, याची ही थोडक्यात माहिती.

सोनगढपासून आरंभ

गायकवाड घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील दावडीचे. सेनापती दाभाड्यांच्या हाताखाली गुजरातेत मोहिमा करणाऱ्या पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगढ येथे ठाणे बसवले. खानदेशातून नवापूरमार्गे गुजरातेत उतरणारी वाट या डोंगरी किल्ल्याच्या नजरेखाली येत असे, आणि जागा निवडण्याचे कारणही तेच होते. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीरावांचा दग्याने खून झाला. त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी १७३४ मध्ये बडोदे घेतले, तरी १७६६ पर्यंत घराण्याचे मुख्य ठाणे सोनगढच होते. म्हणजे बडोद्याच्या आधीची गायकवाडांची राजधानी आजच्या तापी जिल्ह्यात, सुरतेहून रेल्वेने दोन तासांच्या आतबाहेर आहे.

सुरत शहर मात्र गायकवाडांच्या ताब्यात कधीच पूर्णपणे आले नाही. शहराच्या चौथाईत त्यांचा वाटा होता. १८०० मध्ये इंग्रजांनी नवाबाकडून शहराचा कारभार घेतला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत झालेल्या तहांमध्ये गायकवाडांचा हा वाटाही कंपनीकडे गेला. राहिला तो भोवतालचा मुलूख.

हा मुलूख सलग नव्हता. चोर्यासी तालुका इंग्रजी, त्याला लागून कामरेज आणि पलसाणा गायकवाडी. बारडोली इंग्रजी, शेजारचे महुवा गायकवाडी. जलालपोर इंग्रजी, तर त्याला खेटून असलेले नवसारी गायकवाडी. मधेच सचिनच्या नवाबाचे आणि वांसद्याच्या राजाचे छोटे तुकडे. बैलगाडीने एका दिवसाच्या प्रवासात माणूस दोनतीन राज्यांतून जात असे. गायकवाडांचे नाणेही वेगळे होते. बाबाशाही रुपया १९०१ च्या सुमारास बंद झाला आणि ब्रिटिश रुपया सर्वत्र लागू झाला.

राज्याची घडी

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव तिसरे. ते सज्ञान होईपर्यंत दिवाण टी. माधवराव यांनी विस्कटलेला कारभार रुळावर आणला. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांकडे पूर्ण अधिकार आले आणि ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी राज्य केले.

संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ८,००० चौरस मैल होते. बडोदे, कडी (पुढे मेहसाणा), अमरेली आणि नवसारी असे चार मुख्य प्रांत होते. प्रांतावर सुभा, तालुक्यावर वहिवाटदार अशी रचना होती. १८९१ मध्ये संस्थानाची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १८९९–१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळानंतर, १९०१ च्या जनगणनेत ती १९,५२,६९२ वर आली. दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक घट! सयाजीरावांच्या पुढच्या सुधारणांकडे पाहताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. शिक्षण, सहकार, रेल्वे हे सगळे अशा होरपळलेल्या राज्यात उभे राहिले.

शिक्षण : मोठे यश आणि त्याची किंमत

१८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू झाला. इंग्रजी मुलखात असा कायदा तेव्हा नव्हता. कामरेजच्या मुलाला शाळेत जाणे बंधनकारक, तर तापीच्या पलीकडच्या इंग्रजी हद्दीतील मुलाला नाही, अशी स्थिती बरीच वर्षे होती.

सोनगढ, व्यारा, महुवा या वनपट्ट्यात चौधरी, गामीत, ढोडिया, धाणका, वसावा या समाजांची वस्ती. त्यांच्या मुलांसाठी सोनगढला १८८५ च्या सुमारास वसतिगृहासह शाळा निघाली. जेवण, कपडे, पुस्तके सरकारातून मिळत आणि अभ्यासाबरोबर शेती व सुतारकाम शिकवले जाई. याच वसतिगृहांतून पुढे आदिवासी शिक्षकांची पहिली पिढी तयार झाली.

या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मूल शाळेत आले नाही तर पालकाला दंड होई. ज्या घरात सात वर्षांचे पोर गुरे राखून घरखर्चाला हातभार लावत होते, त्या घरावर हा दंड जड जाई. शिवाय अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या शाळांना सवर्ण हिंदू शिक्षक मिळत नसत, म्हणून मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. कायदा दरबारात झाला, पण गावाने तो मनापासून स्वीकारायला फार वेळ घेतला. याच राज्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली; आणि याच राज्याच्या राजधानीत नोकरीसाठी परतल्यावर त्यांना राहायला जागा मिळाली नाही.

उद्योग, रेल्वे आणि पैसा

सुरतेत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे बडोद्याच्या कलाभवनाचे शिल्पकार. १८९० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत रंगाई, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय शिकवले जात. तांत्रिक शिक्षण मुलाच्या भाषेत द्यावे असा गज्जरांचा आग्रह होता. त्या काळात हे धाडसच होते. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले. सुरतेच्या रंगाई-छपाई व्यवसायात आज हजारो मराठी हात राबतात. त्या विद्येचे आधुनिक शिक्षण या प्रदेशात आणणारा माणूस सुरतेचा आणि त्याला आश्रय देणारा राजा मराठी होता, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना मात्र रेल्वेची. सुरत–अमळनेर ही तापी खोऱ्याची रेल्वे १९०० मध्ये पूर्ण झाली. बारडोलीनंतर व्यारा, सोनगढ हा गायकवाडी मुलूख ओलांडून ती नवापूर, नंदुरबार, दोंडाईचामार्गे अमळनेरला जाते. पिलाजीराव ज्या वाटेने गुजरातेत आले जवळपास त्याच वाटेने हे रूळ गेले, आणि पुढे त्याच रुळांवरून धुळे, नंदुरबार, जळगावकडची कुटुंबे सुरतेत आली. संस्थानाने स्वतःच्या छोट्या लाइनीही टाकल्या. बिलिमोरा–वघई आणि कोसंबा–उमरपाडा या अरुंद गाड्या मुख्यतः जंगलातले लाकूड खाली आणण्यासाठी होत्या, पण त्यांनी डोंगरातली गावे बाजाराला जोडली.

२० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०५ मध्येच झाला होता. दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या काळात, १९३२ मध्ये, कोसंबा येथे ग्रामसुधारणेचे केंद्र निघाले. सुधारलेले बियाणे, कोंबडीपालन, विणकाम, गावची स्वच्छता अशी कामे तेथून चालत. हेच कृष्णम्माचारी पुढे स्वतंत्र भारताच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

दारू, जमीन आणि देवीची चळवळ

डोंगरपट्ट्यातल्या माणसाचे दुखणे वेगळे होते. दारूचे ठेके आणि सावकारी यांत त्याची जमीन जाई. आणि दारूवरचा कर हा सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग होता. राज्य एका हाताने शाळा देत होते आणि दुसऱ्या हाताने ठेक्याचा पैसा घेत होते.

१९२२ च्या अखेरीस डोंगरातून ‘देवी’ची चळवळ खाली उतरली. अंगात येणाऱ्या माणसांच्या तोंडून देवी सांगे : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, ठेकेदाराकडे मजुरीला जाऊ नका. महुवा, व्यारा, सोनगढमध्ये हजारो लोकांनी ते पाळले. ठेके ओस पडले आणि ठेकेदारांनी दरबाराकडे धाव घेतली. संस्थानी अंमलदारांपैकी काहींना दारूबंदी मनापासून पटत होती, तरी पुढे सभांवर बंधने आली. या चळवळीला गांधीवादी कार्यकर्त्यांची जोड मिळाली आणि ‘काळीपरज’ या हिणवणाऱ्या नावाऐवजी ‘रानीपरज’ हे नाव रूढ झाले. सुधारणा केवळ राजवाड्यातून खाली येत नाही, ती खालूनही वर जाते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण या परिसरात नाही.

राजकारण : सल्ला होता, सत्ता नव्हती

सयाजीरावांनी ग्रामपंचायती आणि लोकल बोर्डे नेमली, १९०७–०८ मध्ये धारासभा स्थापन केली, बालविवाह रोखणारा कायदा (१९०४) आणि हिंदू घटस्फोटाचा कायदा (१९३१) केला. परंतु धारासभेचा अधिकार सल्ल्यापुरताच होता आणि महाराजांवर ब्रिटिश रेसिडेंटची नजर होती. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या प्रजामंडळाची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती.

इंग्रजी मुलखातल्या लढ्याला मात्र गायकवाडी हद्दीचा आसरा मिळाला. १९३० मध्ये सारा भरण्यास नकार देणारे बारडोली भागातील शेतकरी गुरेढोरे घेऊन शेजारच्या गायकवाडी गावांत राहायला आले. घर दिसते, पण तेथे जाता येत नाही, अशा अंतरावर त्यांनी महिने काढले.

एक प्रकरण मराठी माणसाने टाळू नये असे आहे. संस्थानातील प्रजा बहुसंख्य गुजराती, तर वरच्या नोकऱ्यांत मराठी मंडळींचे प्रमाण मोठे. १९३८ मध्ये भादरण येथे वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली प्रजामंडळाचे अधिवेशन झाले, त्या सुमारास हा प्रश्न उघडपणे बोलला जाऊ लागला. १९३९ च्या आरंभी पटेल बडोद्यात आले तेव्हा तेढ दंगलीपर्यंत गेली. दोनशे वर्षे एकत्र राहिलेल्या समाजांतही नोकरी आणि सत्तेच्या वाट्यावरून दरी पडू शकते, हा त्यातला धडा आहे.

दोन भाषांचे राज्य

भाषेबाबत मात्र सयाजीरावांचे धोरण स्पष्ट होते. स्वतः मराठी असूनही त्यांनी राज्यकारभाराची भाषा प्रजेची, म्हणजे गुजराती ठेवली. मराठी मुलांसाठी मराठी शाळा होत्या, मराठी ग्रंथांना आश्रय होता आणि मराठी साहित्य संमेलने १९०९, १९२१ व १९३४ मध्ये बडोद्यात भरली. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्ष स्वतः सयाजीराव होते. १९३१ मध्ये निघालेल्या ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’त कारभारातील शब्दांना गुजराती, मराठीसह आठ भाषांतले पर्याय आहेत. गावोगावच्या वाचनालयांच्या चळवळीसाठी त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावले. पेट्यांतून फिरणारी वाचनालये खेड्यांत जात.

आजही सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्या टिकणे सरकारइतकेच आपण मुलांना तेथे पाठवतो की नाही यावर अवलंबून आहे. आणि मुलाला उत्तम गुजराती येणे हे मराठी विसरणे नव्हे. बडोद्यात एकाच कचेरीत दोन्ही भाषा नांदत होत्या.

विलीनीकरणानंतर

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नवसारी प्रांताचा मोठा भाग सुरत जिल्ह्याला जोडला गेला. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, गुजरात राज्य झाले. पुढे १९९७ मध्ये नवसारी आणि २००७ मध्ये तापी असे वेगळे जिल्हे निघाले. व्यारा भागातून आलेले अमरसिंह चौधरी १९८५ मध्ये गुजरातचे पहिले आदिवासी मुख्यमंत्री झाले.

महत्त्वाची वर्षे

१७१९ – पिलाजीरावांचे सोनगढला ठाणे
१७३४ – बडोदे ताब्यात
१८८१ – सयाजीरावांना पूर्ण अधिकार
१८९० – कलाभवन
१९०० – सुरत–अमळनेर रेल्वे पूर्ण
१९०६ – सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व संस्थानात
१९०८ – बँक ऑफ बडोदा
१९२२–२३ – देवीची चळवळ
१९३२ – कोसंबा ग्रामसुधारणा केंद्र
१९४९ – मुंबई राज्यात विलीनीकरण

मुलांना घेऊन पाहण्यासारखे

सोनगढचा किल्ला एका दिवसात पाहून परतता येतो. पावसाळ्यानंतर वर चढणे सोयीचे. येताना व्यारा येथे उतरता येईल. नवसारीत सयाजी वैभव वाचनालय आणि जमशेदजी टाटांचे जन्मघर जवळजवळ आहेत. भुसावळच्या गाडीने गावी जाताना सोनगढ स्टेशन आले की मुलांना खिडकीतून डोंगर दाखवा आणि किल्ल्याची गोष्ट सांगा. पाठ्यपुस्तकात ती त्यांना बहुधा मिळणार नाही.