तृतीयपंथी कोणाला म्हणायचं? फिकह आणि कायदा काय सांगतात

जठारपेठेत दुकानापुढे टाळी वाजली की मुलं विचारतात, "हे कोण?" आपण एकच शब्द सांगून मोकळे होतो. पण त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

खुन्सा : जन्मतःच ज्याच्या शरीरावरून मुलगा की मुलगी हे स्पष्ट होत नाही. डॉक्टर याला इंटरसेक्स म्हणतात.

ट्रान्सजेंडर : शरीर स्पष्ट असतं, पण स्वतःची ओळख जन्माच्या नोंदीशी जुळत नाही.

हिजडा, किन्नर : गुरू-चेल्याच्या नात्याने एकत्र राहणारा समाज. वरचे दोन्ही प्रकार त्यात असतात, पण सगळेच त्यात जात नाहीत.

फिकहमध्ये
'हिदाया'मध्ये खुन्सावर स्वतंत्र प्रकरण आहे. हनफी उलमा आधी लघवीचा मार्ग पाहतात, बालिग झाल्यावर दाढी, हैज अशी लक्षणं. तरीही उलगडा झाला नाही तर तो 'खुन्सा मुश्किल'. जमातीत त्याची सफ पुरुष आणि स्त्रियांच्या मध्ये असते. वारशात, इमाम अबू हनीफांच्या मते, मुलगा धरून आणि मुलगी धरून येणाऱ्या हिश्श्यांपैकी कमी असेल तो त्याला मिळतो. हिस्सा कमी, पण वारस तो आहेच. चालणं-बोलणं बायकी असणाऱ्या पुरुषाला 'मुखन्नस' म्हणतात. जो जन्मतः तसा आहे त्याला दोष नाही, जो मुद्दाम नक्कल करतो त्याला आहे, असा फरक इमाम नववींनी केला.

वाद कुठे आहे?
वाद मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर आहे. ओळख स्वतः ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात मान्य केला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली गावात एका तृतीयपंथी उमेदवाराचा महिला राखीव जागेसाठीचा अर्ज नाकारला गेला होता. २ जानेवारी २०२१ ला औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. उलट पाकिस्तानच्या शरीयत न्यायालयाने १९ मे २०२३ ला सांगितलं की लिंग केवळ मनाच्या भावनेवर ठरत नाही. इराणमध्ये मात्र आयतुल्लाह खुमैनींच्या फतव्याने शस्त्रक्रियेला वाट मिळाली. म्हणजे मुस्लिम देशांतही एकमत नाही.

घरात काय करायचं?
बाळाच्या शरीराबद्दल शंका असेल तर आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा, मग मुफ्तीसाहेबांना मसला विचारा. लपवून ठेवू नका. मूल मोठं असेल तर मारझोड न करता त्याचं ऐकून घ्या. २०१९ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार अशा व्यक्तीला आईवडिलांच्या घरात राहायचा हक्क आहे. घराबाहेर काढणं हा कलम १८ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं.

व्याख्येवर उलमा आणि न्यायालयं बोलत राहतील. पण लेकराला घराबाहेर काढा, असं ना फिकह सांगते, ना कायदा. आपल्याच घराने दार लावलं की मग त्याला डेऱ्याशिवाय दुसरी जागा उरत नाही.